पायांचे बळ, वृद्ध स्त्रियांचे (नांदेड व लातूर जिल्हे)

साठीनंतर स्त्रियांच्या मांड्या, नितंब व पोटऱ्यांच्या स्नायूंत उरणारी, व्यायामाने पुन्हा वाढवता येणारी ताकद. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी साधारण 1 ते 2 टक्के घटतात. ताकद त्याहून लवकर उतरते. या ऱ्हासास ‘सार्कोपेनिया’ म्हणतात.

श्रम आणि ताकद : सोयाबीन-कापसाच्या या पट्ट्यात खुरपणी-वेचणी बहुतांशी बायकांच्याच वाट्याला येते. जन्मभर राबलेल्या बाईला वेगळा व्यायाम कशाला, हा समज घरोघर आहे आणि तो चुकीचा आहे. खुरपताना तासन्‌तास उकिडवे बसून गुडघा शिणतो, पण मांडीच्या स्नायूवर चढते वजन पडत नाही. दीर्घकाळ उकिडवे बसण्याचा गुडघ्याच्या झिजेशी असलेला संबंध बीजिंगमधील पाहणीत दिसून आला आहे. गुडघे धरले की बाई बसून राहते, मांडी गळते आणि दुखणे वाढते.

चाचणी : हात छातीशी घेऊन खुर्चीवरून 5 वेळा उठावे-बसावे. 2019 च्या आशियाई निकषानुसार 12 सेकंद वा अधिक लागल्यास क्षमता घटलेली समजतात. झोळ पडलेल्या बाजेवर ही चाचणी घेऊ नये. खेड्यात खरी परीक्षा एसटीच्या पायरीवर होते. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. मात्र दांडा धरून पहिला पाय वर टाकता आला पाहिजे.

बोस्टनचा प्रयोग : 1990 साली मारिया फियातारोन व सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातील नव्वदीच्या आसपासच्या 10 व्यक्तींना 8 आठवडे, आठवड्यातून 3 वेळा, मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला. पेलवेल त्या कमाल वजनाच्या निम्म्यापासून सुरुवात करून भार 80 टक्क्यांपर्यंत नेला. ताकद सरासरी 174 टक्के वाढली. दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबल्यावर मात्र 4 आठवड्यांत सुमारे एक तृतीयांश ताकद ओसरली. वृद्धांना जड वजन देऊ नये, हा जुना दंडक या प्रयोगाने मोडला.

पद्धती : जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पासष्टीनंतर आठवड्यातून किमान 2 दिवस ताकदीचा व 3 दिवस तोल सावरण्याचा व्यायाम हवा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून 8 ते 12 वेळा उठावे, बसताना सावकाश बसावे. हे सोपे जाऊ लागले की पाण्याची भरलेली बाटली छातीशी धरावी, पुढे घोट्याला वाळूची पिशवी बांधून बसल्या जागी पाय सरळ करावा. रक्तदाब वा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. जोर लावताना श्वास कोंडू नये. वारीच्या चालण्याने दम वाढतो. मांडीच्या ताकदीसाठी तेवढे पुरते का, याविषयी मतभेद आहेत.

आहार : भाकरीबरोबर वरण, दूध किंवा अंडे रोज हवे.

गुडघा बदलल्यावरही हाच व्यायाम करावा लागतो. तो आधीच सुरू करावा.