ठिणगीची वेळ आणि प्रोसेसरची कामे

पेट्रोल इंजिनात ठिणगी कधी पडायची, हे क्रँकशाफ्ट किती अंश फिरला यावरून ठरते. मिनिटाला 600 फेऱ्या असताना एक अंश फिरायला सुमारे 278 मायक्रोसेकंद लागतात. 6000 फेऱ्यांना जेमतेम 28. कित्येक दशके हा हिशेब डिस्ट्रिब्यूटरने सांभाळला. वेग वाढला की त्याच्या आतली वजने बाहेर फेकली जात आणि ठिणगी आपोआप थोडी आधी पडे.

अमेरिकेतील 1970 च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे धुरावर कडक मर्यादा आल्या. वजने आणि स्प्रिंगांची अचूकता अपुरी पडू लागली. जनरल मोटर्सने 1977 च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोत ठिणगीचे गणित मायक्रोप्रोसेसरवर सोपवले. 1979 मध्ये बॉशच्या मोट्रॉनिकने बीएमडब्ल्यू 732आय गाडीत इंधन आणि ठिणगी एकाच संगणकाच्या ताब्यात दिली. प्रोसेसर एक आणि कामे अनेक, ही अडचण तिथून वाढत गेली.

सर्वांत साधा उपाय म्हणजे तापमान, बॅटरीचा दाब वगैरे तपासणारा एक अखंड फेरा आणि क्रँकच्या दात्याचा संकेत येताच त्याला थांबवणारा इंटरप्ट. पण कामे वाढली की हा फेरा कधी पूर्ण होईल, याचा भरवसा उरत नाही. लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी 1973 मध्येच दाखवले होते की, ठरावीक अंतराने येणाऱ्या स्वतंत्र कामांपैकी जे जास्त वेळा येते त्याला अग्रक्रम दिला आणि प्रोसेसरवरचा भार सुमारे 69 टक्क्यांच्या आत ठेवला, तर प्रत्येक काम मुदतीत होते. दर 10 किंवा 100 मिलिसेकंदांनी येणाऱ्या कामांना हे चपखल लागू पडते. क्रँकच्या कोनाशी बांधलेली कामे मात्र वेगाबरोबर दसपट दाटीने येतात. म्हणून भार सर्वोच्च वेगाला मोजावा लागतो आणि त्या वेगाला काही गणिते सोपी करावी लागतात. प्रत्यक्ष ठिणगीचा क्षण तर स्वतंत्र टायमर हार्डवेअरच साधते.

कामांची अशी आखणी करण्याची प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असल्याने 1993 मध्ये जर्मन वाहन उद्योगाने ओएसईके हा समान पद्धतीचा प्रकल्प सुरू केला. पुढच्याच वर्षी फ्रेंचांचा व्हीडीएक्स हा तसाच प्रकल्प त्यात मिळाला. ओएसईकेचा सर्वांत शहाणा निर्णय म्हणजे सगळी कामे आणि त्यांचे अग्रक्रम गाडी सुरू होण्याच्या कितीतरी आधी, प्रोग्रॅम बांधतानाच कायम करणे. चालत्या इंजिनात नवे काम जन्मालाच येत नाही, त्यामुळे मुदतींची तपासणी आधीच करता येते. 2003 मध्ये स्थापन झालेल्या ऑटोसार या वाहन उद्योगाच्या संघटनेने हाच पाया घेऊन प्रत्येक कामाच्या वेळखर्चावर मर्यादा घालण्याची सोय केली. अनेक गाभ्यांचे प्रोसेसर आल्यावरही कोणते काम कोणत्या गाभ्यावर चालेल, हे त्यात आधीच ठरलेले असते.