दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या वाटा : इटलीतील वाहनमुक्त सायकलमार्गांच्या अभ्यासाची प्रस्तावना

इटली आणि सायकल म्हटले की आपल्याकडच्या वाचकाला जिरो दि'तालिया ही शर्यत आठवते, गुलाबी जर्सी आठवते आणि स्तेल्व्हियोचा ४८ वळणांचा घाट आठवतो. ज्यांना घाटाचीच खुमखुमी आहे त्यांनी तो जरूर चढावा. आपला विषय मात्र त्या घाटाच्या पायथ्याशी सुरू होतो. तिथे प्रातो गावाजवळ आदिजे नदीच्या काठाने सफरचंदांच्या बागांमधून एक अरुंद डांबरी पट्टी जाते. तिच्यावर मोटार येत नाही. आजी-आजोबा, पाठीमागे पोराची गाडी जोडलेली आई, सामानाच्या पिशव्या लादलेले जर्मन विद्यार्थी असे सगळे तिच्यावरून निवांत जात असतात.

अशा मार्गांवर प्रवासवर्णने आणि मार्गदर्शिका भरपूर निघतात. त्यांत किलोमीटर, मुक्काम आणि चढउतारांचे आलेख असतात. त्यांची गरज आहेच. पण त्यांतून एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. इतकी सलग, सपाट, मोटारींपासून मोकळी जागा या दाटीवाटीच्या देशात आली कुठून? उत्तर असे, की यातली बरीच जागा सायकलीसाठी कोणी केलीच नव्हती. पूर अडवायला बांध घातले, नावा ओढायला कालव्याच्या कडेची वाट राखली, सैन्य आणि माल न्यायला लोहमार्ग टाकला. मूळ काम बदलले किंवा संपले आणि वाट उरली. म्हणून या मार्गांची वर्गवारी ‘सोपा, मध्यम, अवघड’ अशी न करता ‘मुळात कशासाठी’ अशी करावी, असे माझे मत आहे. मूळ कळले की चढ किती असेल, सावली मिळेल का, वारा कुठून लागेल, गाव जवळ असेल की दूर, हे पुष्कळसे आपोआप कळते.

बांधापासून सुरुवात करू. पो ही इटलीतली सर्वांत लांब नदी, सुमारे ६५० किलोमीटरची. आल्प्स आणि अपेनाइन या दोन्ही पर्वतांचा गाळ ती मैदानात आणून टाकते. शतकानुशतके बांध घालून तिला जखडल्यामुळे हा गाळ पात्रातच साचत गेला, आणि खालच्या टप्प्यात पुराचे पाणी आजूबाजूच्या शेतांपेक्षा वरून वाहते. फेरारा प्रांतात उजव्या काठच्या मुख्य बांधाच्या माथ्यावरून स्तेल्लातापासून समुद्राजवळच्या गोरीनोपर्यंत सुमारे १२० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. त्यावर उभे राहून दोन्हीकडे पाहावे. एका बाजूला बांध आणि नदी यांच्यामधली पुराला सोडलेली जमीन, तिच्यात ओळीने लावलेली पॉप्लरची झाडे. दुसऱ्या बाजूला खाली शेते, आणि घरांची कौले जवळजवळ आपल्या चाकांच्या पातळीला. बांधाच्या उतारावर गवत राखलेले असते, झाडे वाढू देत नाहीत; मुळांमुळे माती पोकळ होते आणि पाण्याला वाट मिळते. सायकलस्वाराला उन्हाळ्यात सावली का मिळत नाही, याचे कारण हे. सावलीअभावी चिडलेल्या प्रवाशाने नोव्हेंबर १९५१ आठवावा. त्या महिन्यात समोरच्या काठावर ओक्कियोबेल्लोजवळ बांध फुटला, पोलेझिने हा सखल प्रदेश पाण्याखाली गेला आणि दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली.

बांधांशी मराठी माणसाचाही एक संबंध आहे, आणि तो आपल्या वाचकाला सहसा ठाऊक नसतो. पोच्या दक्षिणेला रोमान्याच्या मैदानात सेनियो नावाची लहानशी नदी आहे. तिलाही दोन्ही काठांना असेच उंच पूरबांध आहेत. १९४४-४५चा हिवाळा जर्मन सैन्याने याच बांधांच्या आडोशाने काढला. ९ एप्रिल १९४५ रोजी आठव्या भारतीय डिव्हिजनने सेनियो ओलांडली, तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधले नगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव आपल्या कंपनीचे निरोपे होते. गोळीबार चालू असताना त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, बांधाच्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले, शत्रूची तीन मशिनगनची ठाणी निकामी केली आणि मग बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आल्फोन्सिने गावात या लढाईचे संग्रहालय आहे. बांधाचा माथा म्हणजे चारी दिशांनी उघडी जागा, हे सायकलवर बसलेल्या माणसाला वाऱ्यावरून कळते. गोळीबारात तिथे उभे राहणे म्हणजे काय, याचा अंदाज त्यावरून बांधावा.

कालव्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर इतरांनी खूप लिहिले आहे. मिलानचा नाविल्यो ग्रांदे बाराव्या शतकात खोदायला घेतला. तिचिनो नदीपासून शहरापर्यंत तो सुमारे ५० किलोमीटर आहे. मिलानच्या कॅथीड्रलसाठी कांदोल्याच्या खाणीतला संगमरवर याच पाण्यावरून आला. येताना प्रवाह साथ देई. परतताना नावा दोराने ओढाव्या लागत, आणि त्यासाठी काठाची वाट कायम मोकळी ठेवलेली असे. त्याच वाटेवर आज सायकली चालतात. इथे चढ जवळजवळ नाही आणि गावे थेट पाण्यावर टेकलेली आहेत. मात्र रविवारी या वाटेवर अख्खे मिलान लोटते, म्हणून तिथे शक्यतो कामाच्या दिवशी जावे.

तिसरा प्रकार मोडीत निघालेल्या लोहमार्गांचा, आणि डोंगरदऱ्यांत राज्य त्याचेच. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे. म्हणून अभियंत्यांनी बहुतेक ठिकाणी शंभर मीटरला दोन-अडीच मीटरांपेक्षा फार चढ येऊ दिला नाही. त्यासाठी वळसे घेतले, बोगदे फोडले, दऱ्यांवर पूल घातले. साठी ओलांडलेला माणूस आज सामानासह आल्प्स ओलांडतो तो त्या हिशेबाच्या जिवावर. पोंतेब्बाची लाइन याचे उत्तम उदाहरण आहे. ती १८७९ साली पूर्ण झाली, तेव्हा पोंतेब्बा हे इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्या सीमेवरचे गाव होते. पुढे नवी दुहेरी लाइन डोंगराच्या पोटातून नेली आणि विसावे शतक सरता सरता जुनी एकेरी लाइन ओस पडली. तिच्यावरून आता साल्झबुर्ग ते ग्रादो हा सुमारे ४१० किलोमीटरचा आल्पे-आद्रिया मार्ग इटलीत उतरतो. फेल्ला नदीवरचे जुने लोखंडी पूल तसेच आहेत. बोगद्यांत दिवे आहेत, पण बाहेर कितीही ऊन असले तरी आतली हवा गार असते, म्हणून जाकीट पिशवीच्या तळाशी ठेवू नये. क्युसाफोर्तेच्या स्टेशनात आता सायकलवाल्यांसाठी खानपान आहे. एके काळी गाडीची वाट पाहत लोक उभे राहत त्या फलाटाला लागून सायकली टेकवलेल्या दिसतात.

याच मार्गावर पुढे वेन्झोने लागते. १९७६च्या भूकंपांत सुमारे हजार माणसे गेली आणि हे तटबंदीचे गाव जमीनदोस्त झाले. गावकऱ्यांनी नवे गाव वसवायला नकार दिला. कॅथीड्रलचे दगड गोळा करून, त्यांना क्रमांक देऊन ते जसे होते तसे परत उभारले. मैदानात उतरल्यावर नऊ टोकांच्या ताऱ्यासारखा पाल्मानोवाचा किल्ला, मग आक्विलेयाच्या बासिलिकेतली प्राचीन कुट्टिमचित्रांची जमीन, आणि शेवटी खाजणातले ग्रादो. इतका इतिहास एका उतारावर क्वचितच सापडतो.

दोलोमिती पर्वतातली कालाल्त्सो, कोर्तिना आणि दोब्बियाको यांना जोडणारी छोटी रेल्वे पहिल्या महायुद्धातल्या लष्करी गरजेतून निघाली, १९२१ साली पूर्ण झाली, १९५६च्या हिवाळी ऑलिम्पिकचे प्रेक्षक तिने वाहिले आणि १९६४ साली ती संपली. बस आणि मोटारीने तिला मारले, आणि आज कोर्तिनाचे रस्ते मोटारींनी तुंबलेले असताना तिच्या वाटेवरून सायकली सुखाने जातात! मैदानातले ताजे उदाहरण बोलोन्या ते वेरोना या लाइनचे. नवी लाइन झाल्यावर उरलेल्या जुन्या मार्गाचा मिरांदोला ते साला बोलोन्येझे हा सुमारे ४६ किलोमीटरचा तुकडा एप्रिल २०२१ मध्ये सायकलींसाठी खुला झाला.

दऱ्यांत आणखी एक गोष्ट अभ्यासकाला उपयोगी पडते, ती म्हणजे पाणलोट. दोब्बियाकोजवळ दरी इतकी रुंद आणि सपाट आहे की आपण एका मोठ्या पाणलोटावर आहोत हे कळतही नाही. पण पश्चिमेला वाहणारी रिएन्झा शेवटी आदिजेतून एड्रियाटिक समुद्रात जाते, आणि पूर्वेला निघणारी द्रावा डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात. द्रावेच्या काठाने ऑस्ट्रियातल्या लिएन्त्सपर्यंतचे सुमारे ४४ किलोमीटर जवळजवळ सगळे उताराचे. म्हणून इटालियन कुटुंबे उतरताना सायकलने आणि परतताना रेल्वेने येतात. तोच प्रकार आदिजेच्या वरच्या खोऱ्यात, व्हेनोस्ता दरीत. तिथली मेरानो ते माल्लेस रेल्वे १९९० साली बंद केली होती. तिचा सायकलमार्ग करावा असे कोणालाही सहज सुचले असते. तिथल्या प्रांताने २००५ साली गाड्याच पुन्हा सुरू केल्या आणि सायकलमार्ग शेजारी राखला. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. चालू रेल्वे शेजारी असली की थकलेल्या माणसाला घरी जाता येते.

या दरीत बागांना पाणी उडवणाऱ्या फवाऱ्यांचा वर्षाव रस्त्यावरही होतो. एप्रिलच्या गारठ्यात रात्रभर मोहोरावर पाणी उडवतात. ते गोठताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेने मोहोर वाचतो. सकाळी बागा बर्फाच्या काचेत बसवल्यासारख्या दिसतात. पाट्यांवर प्रत्येक गावाची दोन नावे असतात, इटालियन आणि जर्मन, कारण हा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. खोऱ्याच्या माथ्याशी रेझिया तलावातून एक जुना घंटामनोरा वर डोकावतो. १९५० साली वीजनिर्मितीच्या धरणाखाली गेलेल्या कुरोन गावाचा तो. त्याच्यासमोर छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. आपल्याकडच्या धरणग्रस्तांची गावे ज्याने पाहिली आहेत त्याला तिथे हसून उभे राहणे जड जाते.

उत्तरेकडचे मार्ग इतके नेटके का, याचे उत्तर निसर्गापेक्षा पैशांत आहे. त्रेन्तो आणि बोल्झानो हे स्वायत्त प्रांत आपल्या करांतला मोठा वाटा स्वतःकडे ठेवतात, म्हणून तिथे डांबर, फलक आणि सायकलवाल्यांसाठीच काढलेली बिचिग्रिल उपाहारगृहे सगळे जागच्या जागी असते. पो काठाने व्हेनिस आणि तोरिनो जोडणारा ‘व्हेंतो’ हा मार्ग मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या संशोधकांनी आखला. पण अनेक प्रांत आणि नदीखात्यांच्या हद्दी ओलांडताना त्याचे काम तुकड्यातुकड्यांनीच पुढे सरकते. सायकलवाहतुकीचा राष्ट्रीय कायदा २०१८ साली झाला. कायद्याने जाळे कागदावर आले, जमिनीवर ते अजून बरेच तुटक आहे.

‘वाहनमुक्त’ हा शब्दही जपून घ्यावा. बांधाच्या तोंडाशी वाहनबंदीचा फलक असतो, पण काठावर ज्यांची घरे-शेते आहेत त्यांना बहुधा सूट असते. म्हणजे ट्रॅक्टर समोर येऊ शकतो, आणि त्याचा हक्क आपल्या आधीचा आहे.

कुठून सुरुवात करावी असे विचारणाऱ्याला मी मिंचो नदीचा मार्ग सुचवीन. गार्दा सरोवराकाठच्या पेस्किएरापासून मांतोवापर्यंत ४४ किलोमीटर, जवळजवळ सपाट. मांतोवाला वेढणारी तळीदेखील बाराव्या शतकात माणसाने नदी अडवून केलेली आहेत, त्यामुळे आपला विषय तिथे नीट समजतो. मे किंवा सप्टेंबर निवडा. ऑगस्टमध्ये मैदान भाजून काढते आणि हिवाळ्यात धुके हटत नाही. पाणी दोन बाटल्या घ्या. सायकल घेऊन प्रादेशिक गाडीने परतायचे असेल तर सायकलचे तिकीट वेगळे काढावे लागते, ते आधीच काढून ठेवा.