विमानातला तट

आमच्या प्रतापगडावर महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते आणि तिथल्या दर्ग्यावर सर्व धर्मांची माणसे चादर चढवतात. किल्ला मात्र आता पडका आहे. तट कितीही भक्कम बांधा, दरवाजा ठेवावाच लागतो आणि शत्रूची नजर दरवाजावरच असते. आज सांगणार आहे ते अशाच एका तटाविषयी. तो विमानात असतो, इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये. त्याला फायरवॉल म्हणतात. संगणकवाल्यांनी हा शब्द पुढे उसना घेतला. मला त्याला ‘अग्नितट’ म्हणावेसे वाटते. वैमानिक हसतील, हसोत बापडे.

१९०३ साली राइट बंधूंच्या विमानाला असा तट नव्हता. इंजिन चालकाच्या शेजारीच, पंखावर बसवलेले. पुढे इंजिन नाकात गेले आणि माणूस त्याच्या मागे आला. पहिल्या महायुद्धातली बहुतेक विमाने लाकडाची आणि रोगण लावलेल्या कापडाची. ब्रिटिश वैमानिकांना त्यात पॅराशूटही दिले जात नसे. आग लागली की जळायचे किंवा उडी टाकायची.

आज लहान विमानात हा तट बहुधा स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचा असतो. जाडी अर्धा मिलिमीटरही नाही. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, म्हणून ते इथे चालत नाही. सुमारे १,१०० अंश सेल्सिअसची ज्वाळा १५ मिनिटे अडली पाहिजे. तेवढ्या वेळात विमान खाली आणायचे.

पण तटाला भोके पाडावीच लागतात. पेट्रोलची नळी, थ्रॉटलची केबल, बॅटरीची जाड तार, मॅग्नेटोच्या तारा, सगळ्यांना पलीकडे जायचे असते. पत्र्याच्या धारेने तार कापू नये म्हणून भोकात रबरी कडे बसवतात. नुसते रबर मात्र आगीत जाते आणि उघड्या भोकातून ज्वाळा पायांपर्यंत येते. म्हणून पोलादी बूच, आगीला दाद न देणारे वेष्टण आणि फटीत तसेच लुकण हवे. तारा पेट्रोलच्या नळीच्या वर ठेवायच्या, म्हणजे गळलेला थेंब त्यांच्यावर पडणार नाही. आग न लागताही फट घात करते. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, वैमानिकाला नुसती गुंगी येते.

कारखान्यात हे भोक तपासायला वेगळा माणूस असतो. घरी विमान बांधणाऱ्याला आधी स्वतःच स्वतःवर संशय घ्यावा लागतो.

आपल्याकडे असे धाडस कॅप्टन अमोल यादव यांनी केले. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपण अभिमानाने सांगतो, पण तिला भक्कम पुरावा नाही. यादवांचे विमान सरकारदफ्तरी आहे. कांदिवलीत चारकोपला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. पण लोकांनी पाहणे वेगळे आणि उडण्याची परवानगी वेगळी. नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. ही दिरंगाई आपल्याला चीड आणते, मलाही आणते. पण त्या पत्र्यातली भोके आठवली की तपासणाऱ्याचा फार राग येत नाही. आमच्या गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकणाऱ्या मुलामुलींच्या पायांपुढेही असाच एक पत्रा असतो.

ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून यादवांचे विमान उडाले.