माशांचे विषाणू ओळखले कसे गेले?



तळ्यातले मासे पोट वर करून तरंगू लागले, की आपण मुळशीकर म्हणतो, "पाण्यात काहीतरी झालं." पुष्कळदा ते खरंही असतं, प्राणवायू कमी पडलेला असतो. पण रोग विषाणूचा असेल, तर तो साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. मग ओळखायचा कसा?

ही विद्या आपल्याला परकी नाही. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली. तेव्हा रक्तजलाच्या चाचण्यांवरून हा नवा विषाणू रशियातल्या गोचीड-मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद असल्याचे कळले.

माशांतही रीत तीच. सशाला विषाणू टोचला, की त्याच्या रक्तात त्या विषाणूपुरती प्रतिपिंडं तयार होतात. ते रक्तजल संशयित विषाणूत मिसळून काचेच्या बाटलीत वाढवलेल्या माशाच्या पेशींवर घालायचं. पेशी जगल्या, तर ओळख पटली. कुलपाला किल्ली लागली म्हणा ना!

अमेरिकेत ट्राऊटच्या पिलांना स्वादुपिंडाचा रोग होई. तो विषाणूचा असल्याचे १९६० साली सिद्ध झाले. ट्राऊट थंड पाण्याचा मासा, आपल्या तळ्यात नाही. पण गोष्ट ऐकण्याजोगी आहे. १९७१ साली डेन्मार्कमध्ये दिसले, की रोग तोच, पण अमेरिकन विषाणूची किल्ली तिथल्या विषाणूंना नीट लागेना. त्यांचे दोन निराळे प्रकार निघाले, 'एस-पी' आणि 'ए-बी'. एक चाचणी कोरी आली म्हणून तळं निरोगी, असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

कोळंबीची तऱ्हा वेगळी. तिच्या अंगात प्रतिपिंडं होतच नाहीत. म्हणून तिचं रक्त तपासून काही कळत नाही, थेट विषाणूच शोधावा लागतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने १९९४ पासून आपल्या देशात कोळंबीवाल्यांची तळीच्या तळी बसवली. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या शास्त्रज्ञांनी उंदरापासून या विषाणूची नेमकी प्रतिपिंडं बनवली; ते काम २००२ साली प्रसिद्ध झाले.

आता पीसीआर चाचणी जास्त चालते. चाचणी कोणतीही असो, नमुना ताजा हवा. कुजलेला मासा पाठवू नका. मरायला टेकलेला निवडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फात ठेवा, आणि मरतूक कधी सुरू झाली व बीज कुठून आणलं होतं, ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.