पेसमेकरची तार फुप्फुस धमनीत सरकणे

पेसमेकरची तार (दवाखान्यातल्या बोलीत ‘लीड’) जागेवरून सुटून किंवा तुटून फुप्फुस धमनीत जाऊन अडकणे ही एक विरळा आढळणारी गुंतागुंत आहे. छातीवर कातडीखाली ठेवलेल्या बॅटरीपासून निघालेली, साधारण दोन मिलिमीटर जाडीची ही तार शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरते. तिथून रक्ताची पुढची वाट फुप्फुसाकडेच जाते. म्हणून सुटा तुकडा वाहत गेला, तर तो त्याच धमनीत पोचतो.

तार निसटण्याचे मूळ पुष्कळदा आधीच्या शस्त्रक्रियेत सापडते. बसवल्यावर काही महिन्यांतच तारेभोवती तंतुमय ऊती धरते आणि ती शिरेला व हृदयाला चिकटते. जंतुसंसर्गामुळे तार काढायची वेळ आली, की एके काळी तिला बाहेरून वजन बांधून कप्पीवरून दिवसेंदिवस ताण देत, मोडलेल्या मांडीला देतात तसा. तरीही निघाली नाही, तर कापून उरलेली आत सोडून देत. कापलेले टोक बांधून ठेवले नाही, तर ते शिरेत आत ओढले जाते आणि दुसऱ्या टोकाची पकड सुटली, की तुकडा प्रवासाला मोकळा. तार अखंड असून फक्त तिचे टोक सरकणे हा प्रकार वेगळा. त्यात हृदयाला ठोका मिळेनासा होतो, रुग्णाला भोवळ येते आणि नवीन तार असेल तर ती मागे ओढून पुन्हा बसवता येते.

तुकडा अडकलेल्या कित्येकांना काहीच जाणवत नाही. काहींना धाप लागते, ठोके अनियमित होतात किंवा हटवादी ताप येतो. समोरून आणि बाजूने काढलेला छातीचा एक्स-रे जुन्या एक्स-रेशी ताडून पाहिला, की निदान बहुधा होते. नेमकी जागा सीटी स्कॅनवर दिसते, तर झडपेवरील गाठ वा जंतूंचा थर इकोवर. ताप असल्यास प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर घ्यावे लागते.

खरा पेच काढावे की राहू द्यावे हा आहे. संसर्ग असेल तर पर्याय नाही, सगळे परकीय सामान बाहेर आलेच पाहिजे. रक्ताची गुठळी, घातक अनियमित ठोके किंवा भिंतीला भोक पडण्याचा धोका असला, तरी कौल काढण्याकडेच झुकतो. पण वर्षानुवर्षे एका जागी रुजलेला, निरुपद्रवी तुकडा वयस्कर रुग्णात न छेडता नियमित तपासणीवर ठेवणे हाही इलाजच आहे. ओढताना शीर किंवा हृदय फाटू शकते.

हृदयातील परकीय तुकडा छाती न उघडता काढल्याची नोंद 1964 मध्ये प्रसिद्ध झाली. आज जांघेतील शिरेतून नळी घालून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, नायटिनॉल तारेचा फास तुकड्याच्या मोकळ्या टोकाभोवती आवळतात. दोन्ही टोके रुतलेली असतील, तर आधी वाकड्या टोकाच्या नळीने मधला भाग आकडीत धरून एक टोक मोकळे करतात. पेसमेकरवाचून ज्याचे हृदय चालत नाही, त्याला आधी तात्पुरता पेसमेकर लावतात. हृदय-शस्त्रक्रियेचा चमू हाताशी असावा लागतो. फास साधला नाही, तर छाती उघडतात.

2016 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या, जेमतेम 2 ग्रॅम वजनाच्या तारविरहित पेसमेकरला तारच नाही. तरी अशी यंत्रे आख्खीच सुटून फुप्फुस धमनीत गेल्याच्या नोंदी आहेत आणि तीही फासानेच परत आणली गेली आहेत.