सारंगखेड्याची यात्रा उठल्यावर

नंदुरबार जिल्ह्यात पर्यटनाचा विषय निघाला की तोरणमाळ आणि सारंगखेडा ही दोन नावं हमखास येतात. शहादा तालुक्यात, तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लगाम, जीन, रिकीब, नाल, चाबूक हे शब्द मी वर्गात फळ्यावर लिहितो, तेव्हा मुलांना ते मराठीच वाटतात. आहेतही. पण फारसी-अरबीतून व्यापारी आणि शिलेदारांबरोबर इथे आले आणि इथलेच झाले. 'खोगीरभरती' म्हणताना खोगीर कुठून आलं, हे आता कोणाच्या मनातही येत नाही.

हा प्रदेश वाटसरूंना नवखा नाही. मुघलकाळात सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जायचा. बुऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मुघलांकडे गेला. पुढे अब्दुर्रहीम खानेखानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तिथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणणारी ही व्यवस्था. त्याच शहरात मुसाफिरांसाठी अकबरी सराईही उभी राहिली.

हा सगळा निव्वळ दानधर्म होता, असं मी म्हणणार नाही. फौज, व्यापार आणि जकात यांचा हिशेब त्यामागे होताच. पण काफिला पुढे गेला तरी पाणी गावात राहिलं. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच.

आता आपल्या काळाकडे येऊ. सारंगखेड्याच्या यात्रेला 'चेतक महोत्सवा'चं रूप देण्यासाठी राज्याच्या पर्यटन महामंडळाने २०१७ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एका कंपनीशी करार केला. २०१९ च्या अखेरीस आर्थिक अनियमिततेचं कारण देऊन सरकारने तो रद्द केला. चर्चा झाली ती ३२१ कोटींच्या आकड्याची. तंबू, रोषणाई आणि पाहुणे गेल्यावर गावात काय उरणार होतं, यावर फारसं कोणी बोललं नाही.

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा कायदा आपल्याकडे आहे. कंपनी कायद्याचं कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. कंपनी जिथे काम करते, त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही त्यात आहे. अडचण इथेच आहे. मोठ्या कंपन्यांचे कारखाने आणि कार्यालयं मुंबई-पुण्याकडे. नंदुरबारच्या वाट्याला 'परिसर' म्हणून काय येणार?

म्हणून महोत्सवाचं कंत्राट ज्याला मिळेल, त्याच्या मर्जीवर गावाचा वाटा सोडू नये. तो करारातच लिहावा: कायमची पाण्याची सोय, शौचालयं, जनावरांचा दवाखाना, बचत गटांना गाळे, स्थानिक तरुणांना काम.

दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात. यात्रा भरते मार्गशीर्षात. म्हणजे पाहुणे येतात, तेव्हा घरचे बाहेर असतात. त्यातल्या काही घरांना जरी गावात थांबण्याइतकी रोजी या यात्रेने दिली, तरी मी म्हणेन, पर्यटन झालं.