षट्कोन कोणी पाहिला?

२००९ सालच्या ऑगस्ट महिन्यात जगभरच्या वर्तमानपत्रांत एक करड्या रंगाचे चित्र छापून आले होते. मधाच्या पोळ्यातून एक अरुंद पट्टी कापून घ्यावी तसे एका ओळीत जोडलेले पाच षट्कोन, आणि त्यांच्या कडेने बाहेर डोकावणाऱ्या अंधुक रेघा. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत लिओ ग्रॉस, गेर्हार्ड मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळवलेले पेंटासीन ह्या रेणूचे ते चित्र होते. पेंटासीनच्या एका रेणूत बावीस कार्बन आणि चौदा हायड्रोजन अणू असतात आणि त्याची लांबी जेमतेम १.४ नॅनोमीटर भरते. रेणूचे हे जणू पहिलेच छायाचित्र, असा त्याचा गाजावाजा झाला.

ते चित्र पाहताना शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या कोणाच्याही मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही: हे तर अगदी पुस्तकातल्यासारखेच आहे! ह्या साध्या उद्गारात एक अडचणीचा प्रश्न दडलेला आहे. पुस्तकातला षट्कोन ऑगस्ट केकुले ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६५ साली मांडला. म्हणजे चित्राच्या १४४ वर्षे आधी. त्याने तो कशाच्या आधारावर मांडला? मधल्या काळात तो खरा आहे हे कोणी आणि कसे ठरवले? आणि २००९ मध्ये आपण तो 'पाहिला' असे म्हणतो, तेव्हा नेमके काय केले? प्रस्तुत लेख ह्या तीन प्रश्नांभोवती आहे.

आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगवेगळी प्रमाणे मानलेली आहेत. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमानाचे सर्वपरिचित उदाहरण. रेणूंच्या बाबतीत आपली समजूत अशी असते की पूर्वी केवळ अनुमान होते, आता उपकरणे सुधारली आणि प्रत्यक्ष हाती आले. बेंझीनच्या षट्कोनाचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

बेंझीन शोधले ते मायकल फॅरडेने, १८२५ साली, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. दिव्यांसाठी दाबून भरलेल्या वायूच्या पात्रांत एक तेलकट द्रव साठत असे, त्यातून त्याने ते वेगळे केले. पुढे त्याचे सूत्र निश्चित झाले: सहा कार्बन, सहा हायड्रोजन. इथेच कोडे पडले. कार्बनला चार हात असतात असे मानले, तर सहा कार्बनांच्या साखळीला सहाच हायड्रोजन फार थोडे होतात. अशा 'भुकेल्या' रेणूने इतर अणूंना चटकन जोडून घ्यायला हवे. बेंझीन तसे वागत नाही.

केकुलेने साखळीची दोन टोके जोडून कडे केले. शेकोटीपाशी डुलकी लागली असता स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप आपल्याला दिसला, ही हकीकत त्याने १८९० साली, सिद्धान्ताच्या पंचविशीच्या समारंभात सांगितली. इतक्या उशिरा सांगितलेल्या स्वप्नाबद्दल इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. ते काहीही असो, सिद्धान्त स्वीकारला गेला तो स्वप्नामुळे नव्हे, तर मोजदादीमुळे. बेंझीनमधल्या एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवला तर एकच पदार्थ मिळतो. दोन बसवले तर तीन वेगवेगळे पदार्थ मिळतात, अधिक नाही. षट्कोनाच्या कोपऱ्यांवर दोन पाहुणे बसवण्याच्या तऱ्हाही तीनच: शेजारी, एक जागा सोडून, किंवा समोरासमोर. कोणीही रेणू पाहिलेला नव्हता. बाटल्या मोजून त्याचा आकार ठरवला जात होता.

परंतु ह्या अनुमानात एक भोक होते. केकुलेच्या षट्कोनात बंध आलटून-पालटून एकेरी आणि दुहेरी होते. मग शेजारी बसलेल्या दोन क्लोरीनांमध्ये एकेरी बंध असेल तर एक पदार्थ आणि दुहेरी असेल तर दुसरा, असे एकूण चार पदार्थ मिळायला हवेत. ह्यावर १८७२ साली केकुलेने तोडगा काढला की बंध सतत आपल्या जागा बदलत असतात. दुसरीकडे आल्बेर्ट लाडेनबुर्गने १८६९ मध्ये सहा कार्बनांचा त्रिकोणी लोलक सुचवला होता, आणि त्यातूनही पदार्थांची संख्या तीनच येत होती. धूर एकच, पण तो कोणत्या अग्नीचा हे बाटल्या मोजून ठरत नव्हते. त्या काळी कित्येक मातब्बर रसायनशास्त्रज्ञ ह्या आकृत्यांना हिशेबाची सोय मानत. कागदावरचा षट्कोन खरोखर कुठे 'असतो', असे म्हणायला ते तयार नव्हते.

ह्या कोंडीतून वाट निघाली ती भौतिकशास्त्राच्या बाजूने. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या हजारो पट असते, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाने अणू दिसणे शक्य नाही. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र त्या अंतराच्या तोडीची असते. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए ह्यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग ह्यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि काचेवर ठिपक्यांची नक्षी मिळवली. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स ह्यांनी त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढण्याची रीत बसवली आणि १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. काचेवरचे ठिपके म्हणजे रेणूचे चित्र नव्हे. सूक्ष्मदर्शकात विखुरलेला प्रकाश भिंग पुन्हा एकत्र आणते आणि चित्र तयार होते. स्फटिकातून विखुरलेले क्ष-किरण गोळा करणारे असे भिंग उपलब्ध नव्हते, म्हणून भिंगाचे काम गणिताला करावे लागे. शिवाय ठिपका किती ठळक हे काचेवर उमटते, पण ती लाट तेथे पोचली तेव्हा चढावर होती की उतारावर, ही माहिती हरवते. ती हरवलेली अर्धी माहिती संशोधकाला तर्काने भरून काढावी लागते. थोरल्या ब्रॅगांनी १९२१ च्या सुमारास नॅप्थॅलीन आणि अँथ्रासीन ह्या बेंझीनच्या भावंडांचा अभ्यास केला. हिऱ्यातील कार्बनची कडी सपाट नसून खालीवर वाकलेली असतात, तेव्हा इथेही तसेच असेल असे त्यांनी गृहीत धरले. अनुमान चुकले होते.

ते दुरुस्त केले कॅथलीन लोन्सडेल ह्यांनी. १९०३ साली आयर्लंडमध्ये एका पोस्टमास्तरांच्या घरी जन्मलेले हे दहावे अपत्य. वरच्या वर्गातील गणित आणि भौतिकशास्त्र मुलींच्या शाळेत शिकवत नसत, म्हणून त्या मुलांच्या शाळेत जाऊन शिकल्या. बी.एस्सी.च्या परीक्षेत ब्रॅग परीक्षक होते. त्यांनी ह्या मुलीला संशोधनासाठी बोलावून घेतले. १९२७ मध्ये लग्न होऊन लोन्सडेल लीड्सला गेल्या. तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक ख्रिस्तोफर इंगोल्ड ह्यांनी त्यांना हेक्झामिथिलबेंझीनचे स्फटिक दिले. बेंझीन स्वतः सामान्य तापमानाला द्रव असते. हा पदार्थ म्हणजे सहाही हायड्रोजनांच्या जागी मिथिल गट बसलेले घनरूप बेंझीन.

निवड भाग्याची ठरली. ह्या स्फटिकाच्या प्रत्येक एकक कोठडीत एकच रेणू असतो, त्यामुळे हिशेब आटोक्यात आला. आटोक्यात म्हणजे हाताने करण्याजोगा. गणकयंत्रांचा काळ अजून दूर होता. लोन्सडेल ह्यांना आढळले की एका विशिष्ट प्रतलावरून परतणाऱ्या किरणांची तीव्रता ग्रॅफाइटप्रमाणेच क्रमाने उतरत जाते. अणू खालीवर असते तर हा उतार असा आलाच नसता. अर्थात सगळे कार्बन एकाच पातळीवर असले पाहिजेत: कडे सपाट आहे. आणि त्याच्या सहाही बाजू सारख्या आहेत, लांब-आखूड अशी आळीपाळी नाही. म्हणजे लाडेनबुर्गचा लोलक गेला, ब्रॅगांची वाकडी कडी गेली, आणि ठरावीक जागी एकेरी-दुहेरी बंध असलेला कागदावरचा षट्कोनही गेला. १९२८-२९ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. आपले मत खोडणाऱ्या ह्या निष्कर्षाचे ब्रॅगांनी स्वागत केले, हे नमूद करण्यासारखे आहे. इंगोल्डनी तर लोन्सडेल ह्यांना लिहिले की अशा एका निबंधाने आमच्या शास्त्रात जी निश्चिती येते, ती आम्हा व्यावसायिकांच्या पिढ्यांच्या खटपटीने आली नाही.

ह्या निबंधाने जगाला चित्र दिले नाही. त्यात आकडे आणि कोष्टके होती. तरीही षट्कोन 'पाहिला' असे कोणाबद्दल म्हणायचे असेल, तर माझ्या मते ते लोन्सडेल ह्यांच्याबद्दल म्हणायला हवे, कारण त्यांच्या पुराव्यात चूक दाखवण्याची सोय होती. कडे वाकडे असते तर त्यांच्याच आकड्यांनी तसे सांगितले असते.

ह्या कथेत एक भारतीय धागाही आहे. के. एस. कृष्णन हे रामन ह्यांचे सहकारी स्फटिकांचे चुंबकीय गुण मोजत असत. बारीक तंतूला टांगलेला स्फटिक चुंबकीय क्षेत्रात किती वळतो, ह्यावरून कोणत्या दिशेने त्याचा विरोध अधिक हे कळते. बेंझीनच्या कुळातील रेणूंचा विरोध कड्याच्या पातळीला लंब दिशेने फार मोठा असतो. त्यावरून रेणू स्फटिकात कसे कललेले आहेत हे काढता येते, आणि काही इलेक्ट्रॉन एका बंधात अडकून न राहता सबंध कड्याभर वावरतात ह्या नव्या पुंजवादी कल्पनेलाही बळ मिळते. लोन्सडेल आणि कृष्णन ह्यांचा संयुक्त निबंध १९३६ साली रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये आला. टांगलेल्या खड्याच्या हेलकाव्यातून रेणूची ठेवण वाचणे, हेही एक पाहणेच होते.

(विषयांतराचा दोष पत्करून एवढे सांगतो, की युद्धविरोधी क्वेकर पंथाच्या लोन्सडेल ह्यांनी नागरी संरक्षणासाठी नाव नोंदवायला आणि त्याबद्दलचा दंड भरायला नकार दिला, आणि १९४३ मध्ये हॉलोवे तुरुंगात एक महिना काढला. दोनच वर्षांनी, १९४५ साली, त्या आणि मार्जरी स्टीफन्सन रॉयल सोसायटीवर निवडून आलेल्या पहिल्या दोन स्त्रिया ठरल्या.)

आता पुन्हा झुरिककडे वळू. १९८१ मध्ये तेथेच बिनिग आणि रोरर ह्यांनी अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणारे यंत्र बनवले. १९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गेर्बर ह्यांनी सुई आणि पृष्ठभाग ह्यांमधले बल मोजणारा अणुबल सूक्ष्मदर्शक आणला. ग्रॉस ह्यांच्या गटाने त्या सुईच्या टोकावर कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू चिकटवला. निर्वातात, उणे २६८ अंश सेल्सिअसच्या आसपास, ही सुई थरथरत ठेवून रेणूवरून फिरवली. प्रत्येक बिंदूपाशी थरथरीची गती किती बदलली ते मोजले आणि त्या आकड्यांना काळ्या-पांढऱ्या छटा दिल्या. अंध व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचते त्याच्याशी ह्या क्रियेचे नाते अधिक जवळचे आहे. छायाचित्राशी फार थोडे.

आणखी एक बारकावा. पेंटासीनची रचना आधीपासून पक्की माहीत होती, म्हणूनच तो निवडला. चित्रात पाच षट्कोन आले तेव्हा परीक्षा रेणूची झाली नव्हती, यंत्राची झाली होती. यंत्र उत्तीर्ण झाल्यावर मात्र त्याचा खरा उपयोग दिसला. २०१० मध्ये ग्रॉस आणि ॲबर्डीनचे मार्सेल यास्पार्स ह्यांच्या गटांनी खोल समुद्रातील जिवाणूपासून मिळालेल्या एका संयुगाच्या चार संभाव्य रचनांपैकी कोणती खरी, हे ह्या सुईच्या साहाय्याने ठरवले. बाटल्या मोजणाऱ्यांना जे साधले नव्हते, ते इथे साधले.

पण २०१३ मध्ये एक इशाराही मिळाला. बीजिंगच्या एका गटाने तांब्यावर पसरलेल्या रेणूंची चित्रे प्रसिद्ध केली, आणि त्यांत शेजारच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध रेघांच्या रूपाने दिसत होते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की जेथे बंध नाहीच अशा दोन अणूंमध्येही तशीच रेघ उमटते. टोकावरचा कार्बन मोनॉक्साइडचा रेणू लवचीक असतो. दोन अणूंमधल्या खिंडीवरून जाताना तो कलतो, आणि त्या कलण्याची रेघ होते. नैयायिकांनी ह्या दोषाचे उदाहरण फार पूर्वी देऊन ठेवले आहे: डोंगरावरच्या धुक्याला धूर समजणे. धुके दिसले हे खोटे नसते, त्यावरून काढलेला अग्नी खोटा असतो.

हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. रेणूंच्या जगात मात्र काकण नेहमी आरशातच पाहावे लागते, आणि प्रत्येक आरशाचा आपला एक बाक असतो. आज अशी चित्रे पुष्कळ निघतात, रंगवून निघतात, आणि वाचणाऱ्याला ती प्रत्यक्षच वाटतात. त्यांच्यामागे आरशाचा बाक मोजून वजा करणारे कोणीतरी बसलेले असते, ह्याचा विसर पडला तर आपण पुन्हा केकुलेच्या सापापाशी येऊन पोचू. लीड्सच्या त्या कोष्टकांत डोळ्यांना सुखावणारे काही नव्हते. षट्कोन सपाट आहे हे आपल्याला कळले, ते तिथे.